पायावर गाठ आलीय? आधी बोट लावून बघा

मागच्या अंकात टाचदुखीवर लिहिलं आणि नंतर जे प्रश्न आले ते बरेचसे टाचेचे नव्हतेच, गाठींचे होते. अंगठ्याशेजारी हाड वाढलंय, तळव्यात काहीतरी रुततंय, पायाच्या वरच्या बाजूला फुगा आलाय, आणि सोबत फोटो. आता गाठीचा फोटो म्हणजे बंद पाकिटाचा फोटो, आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. मला हवं असतं ते वेगळंच. गाठ नेमकी कुठेय, बोटाने दाबली तर कडक लागते की मऊ, हलते का जागची, आणि कधीपासून आहे नि वाढतेय का. एका पावलात 26 हाडं, त्यांचे सांधे, शिरा (म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या), नसा, वरून जाड कातडी, आणि यातल्या प्रत्येकाची गाठ साधारण ठरलेल्या जागीच येते. त्यामुळे ज्यांनी जागा नीट लिहून कळवलीय त्यांचे प्रश्न आधी घेतलेत.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 38. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाड बाहेर आलंय आणि अंगठा दुसऱ्या बोटाकडे वळत चाललाय. माझ्या आईचेही पाय असेच होते. दुखत फार नाही पण बंद शूज घातले की संध्याकाळपर्यंत तिथे लाल होतं. ऑनलाइन एक पट्टा मिळतो, रात्री बांधून झोपायचा, त्याने हाड आत जातं म्हणतात. घेऊ का?

उत्तर : ताई, याला बनिअन म्हणतात आणि पहिली गोष्ट म्हणजे तिथे हाड वाढलेलं नाहीये. अंगठ्याच्या मागे पावलात जे लांब हाड असतं ते हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं, अंगठा मात्र उलटा, बाकीच्या बोटांकडे कलतो, आणि मधला सांधा कोपऱ्यासारखा बाहेर येतो. तुम्हाला दिसतो तो हा कोपरा. त्यावर शू घासला की कातडीखालची पाण्याची छोटी पिशवी सुजते, संध्याकाळी लाल होतं ते त्यामुळे.

आईला होतं हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचंय. पावलाची ठेवण घराण्यातून येते, सैल सांधे, सपाट पाय वगैरे, आणि अशा पावलाला पुढून निमुळता किंवा उंच टाचेचा शू मिळाला की काम लवकर होतं. नुसत्या शूजमुळेच होतं असंही नाही, आयुष्यभर सैल चपला घालणाऱ्यांनाही झालेलं बघितलंय.

आता पट्ट्याचं. बांधलेला असतो तोवर अंगठा सरळ दिसतो, काहींना बरं वाटतं, सोडला की अंगठा परत आपल्या जागी. मोठ्या माणसात पट्ट्याने हाडाची दिशा बदलत नाही. बोटांमध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा घासणं कमी करतो, तेवढ्यासाठी वापरा, हाड आत जाईल म्हणून पैसे घालू नका. खरा फरक पडतो शूने. एक कोरा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर उभं राहून पावलाच्या कडेने पेन्सिल फिरवा, आणि आपला रोजचा शू त्या आकारावर ठेवून बघा. बहुतेकांचा शू पावलाच्या आत कुठेतरी असतो, बघून माणूस गप्पच होतो! शूज संध्याकाळी घ्या कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो, उभं राहून माप बघा, आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट लांब असतं.

सर्जरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. दिसायला वाईट दिसतं म्हणून ती करू नये हे माझं ठाम मत आहे. रुंद शूज घालूनही रोज दुखतंय, चालणं कमी झालंय, तेव्हा करायची. त्यात हाड कापून सरळ लावतात आणि स्क्रूने धरून ठेवतात, साधारण सहा आठवडे खास शू घालून जपून चालावं लागतं आणि सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने जातात, शिवाय काहींना ते परत होतं. आणि एक्सरे काढायचाच असेल तर उभं राहून काढा, झोपून काढलेल्या एक्सरेत खरा कोन दिसतच नाही.

असाच उंचवटा करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला आला तर तो याचाच धाकटा भाऊ समजा, उपाय तेच.

प्रश्न : सर, मी 24 वर्षांचा आहे, रोज स्विमिंगला जातो. तळपायाला पुढच्या बाजूला कुरूप झालंय. कॉर्न कॅप लावून झाली, मग ब्लेडने कापलं तर रक्तच आलं, नंतर परत आलं आणि आता शेजारी अजून दोन छोटी आलीत. मूळ राहिल्यामुळे परत येतंय का?

उत्तर : मित्रा, ब्लेड आधी बाजूला ठेव. तू लिहिलंयस त्यावरून हे कुरूप वाटतच नाही, तळव्यावरची चामखीळ वाटतेय.

दोन्ही दिसायला सारखी असतात, पिवळट कडक गोल चकती, पण घरच्या घरी ओळखता येतं. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना चांगल्या उजेडात बघ. हाताच्या बोटांवर जशा रेषा असतात तशा तळव्यावरही असतात, कुरुपात त्या रेषा वरून तशाच पुढे जातात, चामखिळीत त्या कडेला येऊन वळसा घेतात, मधे नसतात. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात, ते म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गोठलेलं रक्त, म्हणूनच कापल्यावर पटकन रक्त येतं. आणि तिसरं, वरून सरळ दाबलं की दुखतं ते कुरूप, दोन बोटांच्या चिमटीत बाजूने दाबल्यावर जास्त दुखते ती चामखीळ. तुझ्याकडे रक्त आलंय, शेजारी पिल्लं झालीत, पूलवर ओल्या फरशीवर अनवाणी फिरणं चालू आहे, अजून काय पुरावा पाहिजे.

चामखीळ होते विषाणूमुळे, एचपीव्ही, आणि तो ओल्या मऊ झालेल्या कातडीतल्या बारीक चिरेतून शिरतो. ब्लेडने कापून तो आपण स्वतःच आजूबाजूला पेरतो. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. रोज रात्री पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, वरची पांढरी झालेली कातडी फाईलने हलकेच घासायची, मग सॅलिसिलिक ॲसिडचं औषध फक्त त्या जागेवर, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर नाही. हे बारा आठवड्यांपर्यंत करावं लागतं आणि लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडतात. ती फाईल दुसऱ्या कशाला वापरायची नाही, घरात कुणाला द्यायची नाही. एवढं करूनही नाही गेलं तर स्किनच्या डॉक्टरांकडे गोठवून काढता येतं. लहान मुलांमध्ये तर काही न करता पण जातात बऱ्याचदा, वर्ष-दोन वर्षांत. पूलवर स्लीपर घाल, आणि चामखिळीवर वॉटरप्रूफ पट्टी लाव म्हणजे दुसऱ्यांना प्रसाद मिळणार नाही.

आणि मुळाचं म्हणशील तर खऱ्या कुरुपालाही मूळबिळ नसतं. तिथे सतत दाब पडतो म्हणून कातडी आतल्या बाजूला टोकदार जाड होत जाते, एवढंच. ते टोक काढलं पण दाब तसाच राहिला, तोच शू, तेच वाकडं बोट, तर ते परत येणारच. लोक म्हणतात डॉक्टरने मूळ अर्धवट काढलं. डॉक्टरने कापायचं ते कापलं असतं, शू तुमचाच असतो.

प्रश्न : वडिलांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. त्यांच्या तळव्याला जाड घट्टा झालाय, त्यांना अजिबात दुखत नाही. मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसा बधिर होतात, घट्टा दगडासारखा आत दाबत राहतो आणि त्याच्या खाली जखम तयार होते तरी माणसाला पत्ता नसतो. कॉर्न कॅपमध्ये ॲसिड असतं, ते चांगली कातडी पण जाळतं, आणि बधिर पायाला ते जळतंय हे कळत नाही. म्हणून ॲसिड नाही, ब्लेड नाही, गरम पाण्यात पाय सोडून बसणंही नाही. घट्टा डॉक्टरकडेच काढून घ्यायचा आणि दाब कमी करणारं इन्सोल बनवून घ्यायचं.

तुम्ही मुलगा किंवा मुलगी म्हणून एक करा, रोज रात्री त्यांचे तळवे बघा, ते स्वतः बघणार असतील तर जमिनीवर आरसा ठेवून. घट्ट्याच्या आत काळपट लाल डाग दिसला, ओल दिसली, वास आला, तर दुसऱ्याच दिवशी दाखवा. आणि एखादं पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्या पावलापेक्षा हाताला गरम लागलं, मग दुखत नसलं तरी त्याच दिवशी जा आणि तोवर त्या पायावर भार देऊ नका. शुगरच्या बधिर पायात हाडं आतल्या आत मोडून पावलाचा आकार बिघडतो तो असाच सुरू होतो, आणि मुरगळला असेल म्हणून लोक चालत राहतात.

प्रश्न : पायाच्या वर, घोट्याच्या थोडं पुढे, सुपारीएवढी गोल गाठ आहे. कधी मोठी होते कधी जवळजवळ नाहीशी होते. ऑफिसमध्ये एकजण म्हणाले जाड पुस्तकाने जोरात मारलं की फुटते आणि जाते. खरं का?

उत्तर : हा जुना इलाज आहे खरा, आणि फुटतेही कधी कधी. पण पुस्तकाच्या खाली पायाची बारीक हाडंही असतात हे त्या सल्ला देणाऱ्यांना सांगा.

कमीजास्त होणारी, गुळगुळीत, दाबली तर रबरासारखी लागणारी गाठ म्हणजे बहुधा गँगलियन. सांध्याच्या किंवा शिरेच्या आवरणातून निघालेली छोटी पिशवी, आत घट्ट पारदर्शक जेल. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च गाठीला बाजूने चिकटवून धरा, गाठ आतून उजळली तर आत पाणी किंवा जेल आहे, अंधारीच राहिली तर भरीव आहे असं समजायचं आणि दाखवायचं. ही घरची चाचणी आहे, पक्कं सोनोग्राफीतच कळतं. गँगलियनने कॅन्सर होत नाही, दुखत नसेल तर काहीही न करणं हा पण एक चांगला इलाज आहे. सुईने जेल काढता येतं पण पुष्कळ वेळा परत भरतं, देठासकट ऑपरेशनने काढली तरी थोड्याजणांना परत येते, त्यामुळे घाई कशाला.

पण अशाच जागी, पावलाच्या वर मधोमध, कडक न हलणारा उंचवटा असेल तर ते वेगळं. तिथल्या सांध्याची झीज होऊन हाडाची कड वर येते आणि शूच्या लेसची गाठ नेमकी तिच्यावर बसते. कधी कधी त्यावरची नस दबून बोटांपर्यंत मुंग्या येतात. यावर फुकटचा उपाय म्हणजे लेस ओवताना त्या उंचवट्यावरची आडवी फुली घालायचीच नाही, दोन्ही बाजूंनी लेस सरळ वरच्या भोकात न्यायची आणि तिथून पुढे नेहमीसारखी. एवढ्याने कित्येकांचं काम भागतं, मी तर एक्सरेच्या आधी हेच करून बघायला सांगतो.

प्रश्न : वय 55. तळव्याच्या कमानीत वाटाण्याएवढी कडक गाठ आहे, दोन वर्षांत थोडी वाढली. कातडी वरून एकदम नॉर्मल. अनवाणी चाललं की रुतते. काढून टाकू का?

उत्तर : तुम्ही हाताचं काही लिहिलं नाहीत, पण आधी आपले दोन्ही तळहात बघा. करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट आत वाकायला लागलंय का, तळहातात दोरीसारखी कडक रेघ लागते का? कमानीत कातडीखाली जो जाड पट्टा असतो त्यात येणारी ही गाठ, प्लांटार फायब्रोमा, काही लोकांमध्ये त्या हाताच्या आजाराबरोबर येते. गाठी एकापेक्षा जास्त असल्या की लेडरहोज नावाच्या जर्मन सर्जनच्या नावाने पायाच्या या आजाराला ओळखतात.

गाठ साधी असते. पण काढून टाकू का याला माझं उत्तर आहे, इतक्यात नको. नुसती गाठ खुडून काढली तर ती परत येण्याचं प्रमाण खूप आहे, आणि वर तळव्यावर व्रण राहतो जो प्रत्येक पावलाला जाणवतो. आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ती हीच आहे ना ते पक्कं करा, मग मऊ इन्सोल घ्या आणि गाठीच्या जागी त्यात खड्डा करून घ्या. इन्सोलवर जागा कशी शोधायची तर गाठीवर लिपस्टिक किंवा शाई लावून त्यावर पाय ठेवायचा, ठसा उमटतो तिथे कापायचं.

प्रश्न : चालताना बोटांच्या मागे खडा आल्यासारखं वाटतं, शू काढून झटकते तर काही नसतं. बाहेरून गाठ पण दिसत नाही. वेड लागलंय का मला?

उत्तर : अजिबात नाही, हे फार जण सांगतात. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधली नस दबून दबून जाड होते, त्याला मॉर्टन न्यूरोमा म्हणतात, 1876 मध्ये मॉर्टन नावाच्या अमेरिकन सर्जनने त्याचं वर्णन केलं तेव्हापासून. जळजळ, करंट, बोटं बधिर, आणि शू काढून पाय चोळला की बरं वाटतं, हे असेल तर जवळजवळ तेच. पुढून रुंद, कमी टाचेचा शू घ्या, आणि आत छोटं पॅड लावा पण ते दुखऱ्या जागेच्या थोडं मागे, बरेचजण बरोबर दुखतं तिथेच लावतात आणि मग अजून दुखतं. इंजेक्शन, ऑपरेशन हे नंतरचं. ऑपरेशनमध्ये बहुधा नसच काढतात, त्यामुळे त्या दोन बोटांच्या मधे कायमची बधिरता राहते, हे आधी माहीत असू द्या.

प्रश्न : परवा पहाटे अंगठ्याच्या सांध्यात भयंकर दुखून जाग आली. लालभडक, सुजलेलं, चादर लागली तरी सहन होईना. यूरिक ॲसिड तपासलं तर नॉर्मल! मग हे काय, बनिअन का?

उत्तर : बनिअन वर्षानुवर्षं हळूहळू येतो, एका रात्रीत येत नाही. जागा तीच पण हे गाऊट वाटतंय, म्हणजे यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारी सूज. आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून गाऊट नाही असं नसतं, ऐन अटॅकमध्ये रक्तातलं यूरिक ॲसिड खाली येऊ शकतं, म्हणून दुखणं शांत झाल्यावर कमीत कमी दोन आठवड्यांनी परत तपासायचं. खात्रीची तपासणी म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून मायक्रोस्कोपखाली बघणं, सुईसारखे स्फटिक दिसतात. ताप असेल, थंडी वाजत असेल तर मात्र थांबू नका, सांध्यात पू होणं हेही असंच दिसतं आणि ते घरी बसून बरं होत नाही.

वर्षानुवर्षं लक्ष दिलं नाही तर त्याच्या पांढुरक्या खडूसारख्या गाठी बोटांवर, टाचेच्या शिरेवर, कानाच्या पाळीवरसुद्धा येतात. रक्तातलं प्रमाण औषधाने 6 मिलिग्रॅमच्या खाली ठेवलं की त्या गाठी हळूहळू विरघळतात. पण ती रोजची गोळी मनाने सुरू करू नका, आणि आधीपासून चालू असेल तर अटॅक आला म्हणून बंदही करू नका.

काही प्रश्न थोडक्यात. टाचेच्या मागे कडक उंचवटा आणि शूची कड लागून लाल होतं असं तिघा-चौघांनी लिहिलंय, तिथे टाचेचं हाडच वरून जरा मोठं असतं, मागून मऊ किंवा उघडी पादत्राणं घाला. उभं राहिल्यावर टाचेच्या कडेला कातडीच्या रंगाचे मऊ फुगे येतात आणि पाय उचलला की गायब, ते म्हणजे टाचेखालची चरबी बारीक फटीतून बाहेर डोकावते, दुखत नसेल तर सोडून द्या. बारा वर्षांच्या मुलीच्या पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वर हाड आलंय असं ज्या आईने लिहिलंय त्यांना, कित्येकांना तिथे जन्मतःच एक जादा छोटं हाड असतं, वाढीच्या वयात खेळून दुखतं, एक्सरे काढा, काही दिवस खेळाला सुट्टी द्या. आणि ज्यांच्या दोन्ही टाचांच्या मागच्या जाड शिरेवर गाठी आहेत नि घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेत, त्यांनी पायाच्या डॉक्टरच्या आधी कोलेस्टेरॉल तपासून घ्या, त्या गाठी कोलेस्टेरॉल साचून आलेल्या असू शकतात. गंमत नाही, हे खरंच करा.

प्रश्न : सरळ विचारते, पायावरची गाठ कॅन्सरची असू शकते का? आणि सुई लावून तपासलं की पसरतो म्हणतात, म्हणून घरचे तपासू देत नाहीत.

उत्तर : असू शकते, पण फार क्वचित. वरच्या सगळ्या प्रश्नांमधली कुठलीच गाठ तशी वाटत नाही. मी कधी सावध होतो ते सांगतो. गाठ खोल आहे, कडक आहे, खाली चिकटलीय, वाढतेय, रात्री झोपेतही दुखते. हळू वाढतेय म्हणजे साधीच असणार असं धरून चालू नका, तरुण माणसांत सांध्याजवळ येणारा एक सार्कोमा, हाही कॅन्सरच, वर्षानुवर्षं संथ वाढतो आणि गँगलियन समजून सोडला जातो. शरीरात इतरत्र 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ झाली की तपासा असं सांगतात, पण पावलात एवढी जागा आहेच कुठे, तिथे त्याच्या आधीच तपासायला हवं. आणि तळव्यावर किंवा नखाखाली काळा डाग जो पसरतोय, नखाच्या बाहेर कातडीवर येतोय, किंवा जखम जी आठवडे गेले तरी भरत नाही, ते स्किनच्या डॉक्टरांना दाखवाच. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये मेलानोमा हा कातडीचा कॅन्सर सापडला होता, 1981 मध्ये ते त्याच आजाराने गेले, वय 36.

सुईने पसरतो ही भीती घराघरात आहे. नीट केलेल्या बायोप्सीने, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासण्याने, पसरण्याचा धोका अगदी नगण्य असतो, न तपासता ठेवलेल्या गाठीचा धोका त्याहून कितीतरी मोठा. भीती बाळगायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीची बाळगा, की छोटीशी तर आहे म्हणून कुणीतरी स्कॅन न करता जागेवर भूल देऊन अर्धवट कापून टाकली. आधी सोनोग्राफी, शंका वाटली तर एमआरआय, आणि मग सुई कुठून घालायची हे त्याच सर्जनला ठरवू द्या जो पुढे गरज पडली तर ऑपरेशन करणार आहे, कारण सुईची ती वाट नंतर गाठीबरोबर काढावी लागू शकते. काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी दिसली तरी, लॅबला पाठवा आणि रिपोर्ट मागून घ्या. घरच्यांना हा अंक वाचायला द्या हवं तर, पण अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या.